खाडीचाही परमेश्वर

शास्त्रपाठ : १ राजे १८:४१ ते १९:८, १ राजे २०:२३-३०, यशया ४६:१-४



महाराष्ट्राचा किनारा सातशे किलोमीटरांहून अधिक लांब आहे. परंतु तो सरळ, सपाट वाळूचा पट्टा नाही. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या पश्चिमेकडे धावतात आणि समुद्राला मिळण्यापूर्वी जमीन खोल चिरत जातात. सावित्री बाणकोटला, वाशिष्ठी दाभोळला आणि शास्त्री जयगडला सागराला भेटते. या मोठ्या खाड्यांच्या दरम्यान लहान खाड्या आणि वहाळ तर असंख्य आहेत. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचे उंच पठार असते. कोकणात त्याला सडा म्हणतात. सड्याची कड समुद्राकडे एकदम तुटते, आणि किनाऱ्याचा रस्ता कधी त्या कड्यावरून, कधी कड्याच्या पोटातून जातो.

या रस्त्याने सायकलवरून जाणाऱ्याला एक गोष्ट लवकरच उमगते. वाईहून महाबळेश्वरला चढणाऱ्याला मोठे कष्ट पडतात, पण त्याने मिळविलेली उंची बहुतांशी त्याच्यापाशी राहते. सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर पोहोचला की तो पोहोचला. कोकणच्या किनाऱ्यावर तसे नाही. तेथे चढणी लहान असतात. पण सड्यावर पोहोचून दोन-चार किलोमीटर गेले की रस्ता पुन्हा खाडीच्या पाण्यापर्यंत खाली जातो. घाम गाळून मिळविलेली सगळी उंची तेथे सोडून द्यावी लागते. पलीकडे गेले की पुन्हा शून्यापासून आरंभ. दिवसभरात हे अनेकदा घडते आणि संध्याकाळी मुक्कामी पोहोचलेला प्रवासी, सकाळी निघाला होता तितक्याच उंचीवर, समुद्राच्या पातळीवर असतो.

आपल्यापैकी पुष्कळांचा विश्वासाचा प्रवास असाच चालला आहे. उज्जीवन सभेत किंवा एखाद्या उपासनेत आपण उंचावर जातो. वाटते, आता खाली यायचे नाही. मग घरातले आजारपण येते, नोकरीतील अन्याय येतो, मुलांची काळजी येते, किंवा काहीच न घडता मन कोरडे पडते आणि आपण पुन्हा पाण्याच्या पातळीवर येतो. तेथे उभे राहून आपण स्वतःला विचारतो : मी चढलो ते खोटे होते काय? आणि त्याहून कठीण प्रश्न : वर भेटलेला देव येथे खालीही आहे काय?

शत्रूने मांडलेले ईश्वरज्ञान

हा दुसरा प्रश्न पवित्र शास्त्रात एका विचित्र ठिकाणी आला आहे. अरामाचा राजा बेनहदाद याने शोमरोनावर चढाई केली आणि तो हरला. तेव्हा त्याच्या सेवकांनी पराभवाचे कारण शोधून काढले. त्यांचे म्हणणे असे की, इस्राएलाचे दैवत डोंगराळ भागाचे आहे. आपण डोंगरात लढलो म्हणून हरलो. आता सपाटीवर लढू, म्हणजे जय आपलाच. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हे बोलणे तर्काला धरून होते. प्रत्येक दैवताचा एक प्रांत असतो, त्या सीमेबाहेर त्याची सत्ता चालत नाही, असे लोक मानीत.

भाषांतराचे काम करताना या ठिकाणी एक बारकावा लक्षात येतो. अरामी सेवकांनी वापरलेला शब्द ‘मीशोर’ आहे. त्याचा अर्थ सपाट प्रदेश. पण देवाचा माणूस राजाकडे येतो आणि अराम्यांच्या बोलण्याचा उल्लेख करतो, तेव्हा तो ‘अमाकीम’ हा शब्द वापरतो. त्याच्या मुळाशी खोलपणाचा अर्थ आहे. अराम्यांचे म्हणणे होते की इस्राएलाचा देव सपाटीवर चालत नाही. संदेष्ट्याच्या तोंडी ती सपाटी खोल दरी होते. जणू परमेश्वर म्हणतो, मी सपाटीचा देव आहे की नाही एवढाच वाद कशाला? त्याहून खाली चला; तेथेही मीच आहे.

लढाईच्या दिवशी इस्राएलाची सेना अराम्यांपुढे शेरडांच्या दोन लहानशा कळपांसारखी दिसत होती, असे शास्त्र सांगते. तरी जय मिळाला. आणि तो कोणत्या राजाला मिळाला? अहाबाला! ज्याच्या घरात बालाची पूजा चालत होती, त्याला. खोलीत भेटणारी देवाची मदत आपल्या योग्यतेवर अवलंबून नसते, हे त्या राजाच्या नावावरूनच कळावे. परमेश्वराला तेथे आपण कोण आहोत हे कळवायचे होते.

ही गोष्ट मनात घेऊन किनाऱ्याच्या त्या रस्त्याकडे पुन्हा जाऊ. काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात आम्ही सात जण गुहागरहून रत्नागिरीपर्यंत सायकलने गेलो. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, मग खाडीपलीकडे जयगड, मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारे असा तो मार्ग. अंतर नव्वद किलोमीटरांच्या आसपास. सपाट देशावर ते एवढे अवघड नाही. येथे मात्र पहाटे निघालेल्या आम्हांला दिवस पुरला नाही. त्या दिवसाचे तीन भाग होते : चढण, उतार आणि फेरीबोट. तिन्हींतून शास्त्राचे तीन उतारे मला नव्याने समजले.

चढण : आजच्यापुरती भाकर

कोकणची चढण लहान असली तरी उभी असते. त्यातच हवा दमट. कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग थंड होते. किनाऱ्यावर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो आणि अंगातील उष्णता अंगातच राहते. स्नायूंमध्ये साठविलेली साखर काही तासांच्या कष्टात संपते. म्हणून जाणते सायकलस्वार भूक लागण्यापूर्वी खातात आणि तहान लागण्यापूर्वी पितात. काल रात्री पोटभर जेवलो, एवढ्यावर आजची दुपार निघत नाही. आमच्या बरोबरचा सर्वांत तरुण मुलगा चोवीस वर्षांचा होता. पहिल्या तीन चढणी तो सर्वांच्या पुढे होता. चौथ्या चढणीवर त्याचे हातपाय थरथरू लागले आणि तो रस्त्याच्या कडेला बसला. त्याला कोणी उपदेश केला नाही. गूळ-शेंगदाणे, दोन केळी आणि मीठ-साखरेचे पाणी दिले. सावलीत वीस मिनिटे बसविले. मग तो उठला.

एलीयाची हकीगत याहून निराळी नाही. कर्मेल हा समुद्रापर्यंत गेलेला डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर एलीयाने आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठा दिवस पाहिला. तेथूनच त्याने आपल्या सेवकाला समुद्राकडे पाहावयास सातदा पाठविले आणि पाऊस मागून घेतला. पण पुढच्याच अध्यायात हा मनुष्य रानात एका झुडपाखाली पडून मरण मागत आहे. कर्मेलवरची उंची त्याला बैरशेब्याच्या रानात उपयोगी पडली नाही. अशा वेळी परमेश्वराने काय केले? त्याने कर्मेलची आठवण करून देऊन त्याला लाजविले नाही. त्याला झोपू दिले. मग दूताकरवी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे पात्र ठेवले. आणि एकदा नव्हे, दोनदा. दूताच्या बोलण्यातील कारण किती कोमल आहे! वाट एलीयाच्या शक्तीबाहेरची आहे, म्हणून त्याने खावे. परमेश्वराने वाट लहान केली नाही. वाटेपुरती शक्ती दिली.

बंधुभगिनींनो, काल मिळालेली कृपा खरी होती. ती आज पुरत नाही, याचा अर्थ ती खोटी होती असा होत नाही. रानातील मान्नाही दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नव्हता. ज्या देवाला आपल्याशी रोज भेटायचे आहे, तो वर्षाचा साठा एकदम देत नाही.

उतार : प्रभूची वाट

हेदवीजवळच्या एका उतारावर तोच तरुण मागे वळून मला म्हणाला, “काका, एवढं चढलो ते सगळं वायाच गेलं की!” मी तेव्हा हसलो, पण त्याचे म्हणणे मनात राहिले.

उतार म्हणजे विश्रांती, असे न चालविणाऱ्याला वाटते. कड्याच्या रस्त्यावर उतारच अधिक धोक्याचा असतो. रस्त्यावर जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते, वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही आणि कडेला खाली खोलवर लाटा फुटत असतात. पुढचा ब्रेक एकदम दाबला तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. दोन्ही ब्रेक सतत दाबून धरले तर रिम तापते आणि हाताचे पंजे बधिर होतात. म्हणून वळण येण्यापूर्वीच वेग आवरायचा, दोन्ही ब्रेक थोडे थोडे लावायचे आणि नजर कड्याकडे न लावता वाटेवर ठेवायची. चाक नजरेच्या मागे जाते. सावकाश, शुद्धीवर राहून खाली उतरणे हेही एक काम आहे, आणि ते शिकावे लागते.

प्रभू येशूच्या चरित्रात रूपांतराचा डोंगर आहे. तेथे पेत्राला तीन मंडप उभारून राहावेसे वाटले. लूक सांगतो की दुसऱ्याच दिवशी ते डोंगरावरून खाली आले. खाली काय होते? भूतग्रस्त मुलगा, रडकुंडीला आलेला बाप, हतबल झालेले शिष्य आणि गलबला करणारा जमाव. डोंगरावर ज्याचे मुख तेजस्वी झाले, तोच प्रभू त्या गलबल्यात शिरला आणि त्याने मुलाला बापाच्या हाती दिले. पेत्राचे मंडप उभे राहिले असते तर त्या बापाचे काय झाले असते?

फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल ख्रिस्ताची जी वाट वर्णितो, तीही प्रथम उताराचीच आहे : देवाच्या स्वरूपापासून दासाच्या स्वरूपापर्यंत, तेथून मरणापर्यंत, आणि मरणातही वधस्तंभापर्यंत. त्याहून खालची पायरी नाही. म्हणून आपण कितीही खाली आलो तरी तेथे त्याची पावले आधीच उमटलेली असतात. माझ्या तरुण मित्राला आज मी हेच सांगेन. चढलेले वाया गेले नाही. सड्यावरून जे दिसले ते डोळ्यांत साठवून खाली उतरायचे असते, कारण गावे, होड्या आणि माणसे खाडीकाठी असतात.

फेरीबोट : वाहून नेणारा

दुपारी दोनच्या सुमारास आम्ही तवसाळच्या धक्क्यावर पोहोचलो. समोर जयगड दिसत होता. मध्ये शास्त्री नदीच्या मुखाचे रुंद पाणी. येथे पाय कितीही बळकट असले तरी उपयोग नाही. फेरीबोटीची वाट पाहावी लागते. बोट लागली, तिचा पुढचा फळा धक्क्यावर टेकला आणि ट्रक, मोटारी, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका अशा सर्वांबरोबर आम्हीही आत गेलो.

आमच्यात सर्वांत वडील एक निवृत्त शिक्षक होते, वय चौसष्ट. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांची पत्नी सहा वर्षे पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली आहे. मुलगी चार दिवस माहेरी आली म्हणून त्यांना निघता आले होते. बोटीवर ते सायकलचे हँडल दोन्ही हातांनी धरून उभे होते. पाण्याकडे पाहत ते हळूच म्हणाले, “पूर्वी मी शब्बाथशाळा चालवीत होतो. घरोघरी प्रार्थनेला जात होतो. आता रोज पहाटे उठून तिची कूस बदलतो, तिला पुसतो, भरवतो. रात्री शास्त्र उघडले की चार ओळींत डोळा लागतो. प्रार्थनेला बसलो तर शब्द येत नाहीत. देवाने मला टाकले असे मी म्हणत नाही. पण मी फार खाली आलो आहे, हे मला कळते.”

मी काही बोलण्यापूर्वीच बोटीवरचा खलाशी तिकिटे फाडीत आमच्यापर्यंत आला. गुरुजींकडे पाहून तो म्हणाला, “काका, सायकल धरून का उभे? ती कठड्याला टेकवा नि बसा जरा. बोट तुम्हांलाही नेते आहे नि सायकललाही.” गुरुजींनी सायकल टेकवली आणि ते बाकावर बसले. जयगड येईपर्यंत ते डोळे मिटून होते.

यशयाच्या सेहेचाळिसाव्या अध्यायात दोन चित्रे शेजारी ठेवली आहेत. बाबेलची दैवते जनावरांच्या पाठीवर लादलेली आहेत. ओझ्याने जनावरे वाकली आहेत. दुसरीकडे इस्राएलाचा परमेश्वर आपल्या लोकांना गर्भापासून पिकल्या केसांपर्यंत स्वतः वाहून नेतो. माणसाने वाहिलेले दैवत आणि माणसाला वाहणारा देव, असा तो भेद आहे. तेथे ‘साबल’ हे इब्री क्रियापद आले आहे. त्याचा अर्थ जड ओझे उचलून नेणे. मिसर देशात इस्राएल लोकांवर लादलेल्या वेठीच्या ओझ्यांना निर्गमात जो शब्द आहे, तो याच धातूपासून बनला आहे. गुलामांच्या कष्टाचा शब्द परमेश्वर स्वतःला लावून घेतो! आणि पुढे त्रेपन्नाव्या अध्यायात दुःखी सेवक आपल्या वेदना व पातके वाहतो, तेथेही हेच क्रियापद आहे. वधस्तंभापर्यंत जाणारा शब्द आहे हा.

गुरुजींनी प्रार्थनेत शब्द सापडत नाहीत म्हटले. परंतु ज्याला वाहून नेले जात आहे, त्याने नावाड्याला वाट सांगावी लागत नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात तर असे शिकविले आहे की, आपल्याला शब्द सुचत नाहीत तेथे पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी रदबदली करतो. पहाटे उठून रोगी पत्नीची कूस बदलणारे हात रिकामे नाहीत. ते खाडीच्या पातळीवर आहेत, आणि तेथे परमेश्वर आहे.

उंची गेली, काम राहिले

याच किनाऱ्यावर, दाभोळच्या उत्तरेस, मराठी मंडळीच्या इतिहासाचे एक पान आहे. स्कॉटलंडच्या मिशनरी संस्थेने १८२३ मध्ये बाणकोट येथे काम सुरू केले; पुढे हर्णे येथेही ठाणे झाले. आरंभी आलेले डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी मरण पावले. काही वर्षांनी ती किनाऱ्यावरची ठाणी सोडावी लागली आणि काम मुंबई-पुण्याकडे गेले. त्या दिवशी हिशेब मांडणाऱ्याला हे सर्व उतारच वाटले असेल. पण कोकणात सेवा केलेल्या जॉन स्टीव्हन्सन यांनी पुढे मराठी भाषेचे व्याकरण लिहिले. १८२९ मध्ये आलेले डॉ. जॉन विल्सन हर्णे येथे मराठी शिकले आणि मग मुंबईत त्यांनी ती शिक्षणसेवा केली जी आजही त्यांच्या नावाच्या महाविद्यालयातून चालू आहे. ठाणी गेली, भाषा राहिली. देव खाडीतही काही पेरीत होता.

आता आपण काय करावे?

पहिली गोष्ट, आपला विश्वास कालच्या उंचीने मोजू नका. ‘मी पूर्वी असा होतो’ हे वाक्य आभारासाठी वापरा. स्वतःला दोषी ठरविण्यासाठी वापरू नका.

दुसरी, आजची भाकर आज घ्या. थकलेल्याने लांब प्रार्थना जमत नाही म्हणून प्रार्थनाच सोडू नये. एक वचन, एक उसासा, एक नाव पुरे. आणि ज्याला झोपेची गरज आहे त्याने झोपावे. एलीयाच्या देवाला त्यात कमीपणा वाटला नाही.

तिसरी गोष्ट मंडळीसाठी आहे. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल एकमेकांचे भार वाहण्यास सांगतो आणि लगेच प्रत्येकाने आपले ओझे वाहावे असेही म्हणतो. हा विरोध नाही. मूळ ग्रीक भाषेत तेथे दोन निराळे शब्द आहेत. ‘बारोस’ म्हणजे चिरडून टाकणारा भार; ‘फोर्तियोन’ म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचे गाठोडे. सायकलच्या कॅरिअरवरची पिशवी ज्याची त्याने न्यायची असते. पण खाडी कोणी एकट्याने पोहून जायची नसते. त्या प्रवासानंतर गुरुजींच्या मंडळीतील दोन भगिनी आठवड्यातून एक दुपार त्यांच्या घरी जाऊन बसू लागल्या. फार मोठी सेवा नव्हे ती. चार तासांची सुटका. त्या दुपारी गुरुजी कधी उपासनामंदिरात जाऊन बसतात, कधी नुसते झोपतात. आपल्या मंडळीत असे घर कोणते आहे? या रविवारी उपासनेनंतर पाळकांना एवढा एक प्रश्न विचारावा. दिल्लीत असो, इंदुरात असो, बंगळूरच्या एखाद्या लहानशा मराठी प्रार्थनागटात असो, असे घर प्रत्येक मंडळीजवळ असतेच.

अराम्यांनी परमेश्वराला एक सीमा घालून दिली होती. आपणही नकळत तीच घालतो. गीतांत, सभांत आणि यशात तो आहे, पण आजाऱ्याच्या खोलीत, कर्जात आणि कोरड्या मनात तो नाही, असे धरून चालतो. त्याने ही सीमा एकदा अफेकाच्या रणांगणात मोडली आणि पुढे एकदा कबरेत उतरून कायमची मोडली.

प्रार्थना : हे प्रभू, तू डोंगराचा देव आहेस हे आम्ही सहज मानतो. आज आम्ही जेथे आहोत त्या खोल जागीही तूच आहेस, असा विश्वास आम्हांला दे. चढणीवर भाकर दे, उतारावर सावध ठेव, आणि जेथे आमचे पाय चालत नाहीत तेथे आम्हांला वाहून ने. आणि ज्यांना तू आमच्या शेजारी ठेवले आहेस, त्यांचा भार उचलण्यास आमचे हात मोकळे कर. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.